एका जागेसाठी दोघी

४ जून

ताई,

फोनच केला असता, पण आमच्या घरी फोन वाजला की आई स्पीकर लावते. मग पलीकडच्या घरातून मोठी मावशीही येऊन बसते, आणि तू आपल्या आईशी बोलतेयस की माझ्याशी, तेच कळत नाही. म्हणून पत्र.

डॉक्टरेट एकदाची हातात पडली. नावामागे डॉक्टर लागल्यापासून शेजारपाजारचे लोक मला गुडघेदुखी सांगायला लागलेत. मी जिवाणूंच्या जनुकांचा संगणकावर अभ्यास करते, औषधं देत नाही, हे सांगून तोंड दुखलं. नोकरी देणाऱ्यांनाही तेच सांगावं लागतं. प्रयोगशाळावाले म्हणतात, तुम्ही नुसत्या संगणकवाल्या, हातात पिपेट धरता येईल का? संगणकवाले म्हणतात, तुम्ही जीवशास्त्रवाल्या, आमची पोरं तुमच्यापेक्षा भराभर कोड लिहितात. एका ठिकाणी अनुभव कमी पडला, दुसरीकडे शिक्षण जास्त झालं. बाकीच्यांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही.

मी लॅपटॉप उघडला की बाबा टीव्हीचा आवाज कमी करतात. तेच जास्त लागतं.

काल तुमच्या संस्थेची जाहिरात पाहिली. रुग्णालयांतल्या जिवाणूंचे जिनोम वाचायचे आणि ते कुठल्या औषधाला दाद देत नाहीत ते शोधायचं. जागा एक, कायमस्वरूपी. वाचताना वाटलं, कुणीतरी माझंच वर्णन लिहिलंय. तू तिथे इतकी वर्षं कायम आहेस. मोठी मावशी तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते, आमची शास्त्रज्ञ. तुझ्या सरांकडे माझ्यासाठी शब्द टाकशील?

तुझी,
बारकी

१३ जून

बारके,

डॉक्टरीणबाई, अभिनंदन. माझाही उजवा खांदा दुखतो, काहीतरी लिहून दे.

आता कामाचं. तू एकच बायोडेटा सगळीकडे पाठवतेस, हे मी न बघता सांगते. तसं करू नकोस. ज्यांच्याकडे अर्ज करायचा त्यांचे दोन-तीन शोधनिबंध आधी वाच, आणि पहिल्या दोन ओळींतच लिही की तू आलीस तर त्यांचं कुठलं अडलेलं काम सुटेल. तुझा कोड लोकांना उघडून बघता येईल असा ठेव. तुझ्या गाईड मॅडमचे आधीचे विद्यार्थी कुठे कुठे आहेत ते शोध आणि त्यांना सरळ लिही, लाजू नकोस. निम्म्या जागा जाहिरातीत येण्याआधीच अशा भरतात. आणि शिफारसपत्र मागताना मॅडमना मुद्दे लिहून दे. नाहीतर 'मुलगी कष्टाळू आहे' एवढंच लिहितील, आणि ते वाचून कुणी कुणाला घेत नाही.

आमच्या जाहिरातीचा मात्र नाद सोड. अशा जाहिराती आधीच ठरलेल्या माणसासाठी निघतात. नियम आहे म्हणून छापतात, बाकीचे बिचारे स्वखर्चाने येतात आणि कॉरिडॉरमध्ये बसून परत जातात. तुझं तसं होऊ नये. शब्द टाकण्याचा प्रश्नच येत नाही. हा विषय इथेच संपवू या.

आईला सांग मी बरी आहे. खोली लहान आहे, पण ऊन येतं.

ताई

१ जुलै

ताई,

तुझं ऐकलं. तुमच्याकडे अर्ज केला नाही. तू इतकं तोडून का लिहिलंस ते कळलं नाही, पण असेल काही.

बाकी तुझ्या सांगण्याप्रमाणे चालू आहे. एका कंपनीने बोलावलं, चाचणी म्हणून त्यांचा डेटा दिला आणि म्हणाले, बघा यात काय सापडतं. मी जेवणखाण विसरून काम केलं. सापडलंही. त्यांनी छान छान म्हणून ठेवून घेतलं आणि नंतर फोन उचलायचे बंद झाले. मॅडम म्हणाल्या, हल्ली असंच करतात, पुढच्या वेळी अर्धंच दे.

सहज विचारते, तुझं काम नेमकं काय चालतं गं? तू कधी नीट सांगितलंच नाहीस. नमुने कुठून येतात, डेटा कसा साफ करता, काय सापडलं? घरी बसून डोकं गंजायला लागलंय, म्हणून विचारते.

बारकी

१२ जुलै

बारके,

माझं काम विचारणारी तू घरातली पहिलीच. आईला वाटतं मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते.

तर ऐक. सुरुवातीला इथे काही नव्हतं. मी बर्फाचा डबा घेऊन रुग्णालयांच्या दारात उभी राहायचे. तिथले तंत्रज्ञ आधी उभं करत नव्हते, मग हळूहळू नमुने बाजूला काढून ठेवायला लागले. ते आणायचे, वाढवायचे, अतिशीत फ्रीजरमध्ये जपायचे, डीएनए काढून वाचायला पाठवायचे. डेटा परत आला तेव्हा तो कुणाला उघडताही येईना. म्हणून मी कोड लिहायला शिकले. तुझ्यासारखा डौलदार नसतो माझा कोड, पण चालतो.

एक गोष्ट सांगते. एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एकामागून एक रुग्णांत तोच जंतू सापडायला लागला, अगदी शेवटच्या औषधालाही न जुमानणारा. तिथले म्हणत होते, रुग्णच बाहेरून घेऊन येतात. मी सगळ्यांचे जिनोम शेजारी शेजारी मांडले तर फरक इतके थोडे की ती एकाच घरातली भावंडं वाटावीत. म्हणजे जंतू आतच होता. मी तिथे गेले आणि हात धुवायच्या बेसिनखालचा पाईप उघडायला लावला. आतल्या चिकट थरात तो सापडला. डॉक्टर, नर्सेस ज्या पाण्याने हात स्वच्छ करत होते त्याचेच शिंतोडे उडून खाटांपर्यंत जात होते. बेसिनं बदलली आणि तो प्रकार थांबला. त्या दिवशी मी बसने घरी येताना उगाचच हसत होते.

लिहिता लिहिता पानं भरली. तुझ्यामुळे बरं वाटलं.

ताई

२२ ऑगस्ट

ताई,

परवा तू मला पाहिलंस आणि मी तुला. तेव्हापासून मी हे पत्र लिहायला घेते आणि ठेवून देते.

हो, मी अर्ज केला होता आणि तुला नाही म्हणून लिहिलं होतं. ती माझी चूक. पण त्या कॉरिडॉरमध्ये तू आलीस तेव्हा मला वाटलं, तू मुलाखत घ्यायला आली आहेस. मी घाबरून उठून उभी राहिले. आणि तू येऊन माझ्याच शेजारच्या खुर्चीवर बसलीस, मांडीवर फाईल ठेवून, आम्हा सगळ्या उमेदवारांसारखी. तो शिपाई तुला रोज बघत असणार, तरी त्याने तुझ्याकडे ओळखपत्र मागितलं. मागताना त्याने मान वर केली नाही.

तू एवढंच म्हणालीस, "अर्ज करू नकोस म्हणून सांगितलं होतं."

मी म्हटलं, "ती जागा तुझ्यासाठी आहे, हे नव्हतं सांगितलंस."

त्यानंतर तू समोरच्या भिंतीकडे बघत राहिलीस आणि माझं नाव पुकारलं.

मी खोटं बोलले, कबूल. पण तू तर कायम होतीस ना? सगळ्या घराला हेच माहीत आहे. आई मला ऐकवते, ताईकडे बघ, ताईसारखं हो. तू एकदा जरी खरं लिहिलं असतंस तर मी त्या गावात पाऊलही ठेवलं नसतं. तू मला परकं का मानलंस?

बारकी

३० ऑगस्ट

बारके,

परकं मानलं नाही. आपल्या माणसांसमोरच जास्त लाज वाटते. ते तुला हळूहळू कळेल.

मी कधीच कायम नव्हते. दर वर्षी माझं कंत्राट संपतं, चार दिवस घरी बसवतात आणि पुन्हा घेतात, म्हणजे सलग नोकरी झाली असं मला म्हणता येऊ नये. बाबा गेले तेव्हा आईला झोप लागत नव्हती, म्हणून तिला सांगितलं की मी कायम झाले. पुढच्या वर्षी खरंच होईन असं वाटलं होतं. सर दर वर्षी म्हणायचे, "तुमच्यासाठी जागा मंजूर करून घेतोय." यंदा ती मंजूर झाली. जाहिरातीतला मजकूरसुद्धा मीच लिहून दिला होता. तुला तुझं वर्णन वाटलं ना, ते माझं होतं.

तू बाहेर पडल्यावर मी आत गेले. पहिला प्रश्न वयाचा. मर्यादा ओलांडलेली होती, ती सरांनी शिथिल करून घ्यायची होती, ते राहून गेलं म्हणे. दुसरा अनुभवाचा. कंत्राटावरची वर्षं धरता येत नाहीत. सर सगळा वेळ पेनाचं टोपण काढत होते आणि लावत होते. मग बाहेरून आलेले तज्ज्ञ आपसांत म्हणाले, मघाच्या मुलीने रुग्णालयातल्या बेसिनचं उदाहरण फार सुरेख मांडलं. मी म्हटलं, "तो पाईप मी उघडायला लावला होता." त्यावर ते अगदी सौजन्याने म्हणाले, "असेल. पण कागदोपत्री तसं दिसत नाही."

सहज विचारलं होतंस नाही तू?

घरी यातलं काही बोलू नकोस. एवढं करशील अशी आशा आहे.

ताई

३ ऑक्टोबर

ताई,

माझी निवड झाली, हे तुला तिथल्या तिथे कळलंच असेल. मी नाही म्हणणार होते. खरंच. पण पत्र आलं तेव्हा बाबांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून पुसत राहिले. आई गल्लीभर सांगून आली होती. मोठी मावशी तर म्हणाली, आता दोघी बहिणी एकाच ठिकाणी, मला काळजी नाही. मी काय बोलणार होते? तुझं कंत्राट या वेळी पुढे गेलं नाही, हे मला रुजू झाल्यावर समजलं.

तू सांगितलंस म्हणून घरी बोलले नाही. पण नाही म्हणू का, अजूनही सांग.

दुसरं म्हणजे, कसं विचारू कळत नाही, पण तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही. नदीकडच्या रुग्णालयातले नमुने आहेत ना, त्यांचा हिशेब लागत नाही. जिनोम सांगतो औषध चालेल, आणि प्रयोगशाळेतली चाचणी सांगते चालत नाही. कधी नेमकं उलट. माझा कोड चुकतोय का म्हणून मी तीन वेगळ्या पद्धतींनी करून पाहिलं. सरांना विचारलं तर म्हणाले, "तुमच्या ताईंना विचारा की, घरचंच माणूस आहे." या आकड्यांवरून रुग्णालयांना औषधांची शिफारस जाणार आहे.

बारकी

१४ ऑक्टोबर

बारके,

आधी रुजू व्हायचं आणि मग नाही म्हणू का विचारायचं. उत्तर काय हवंय ते तुला माहीत आहे. ते मी देणार नाही.

नमुन्यांचं सांगते. एकदा वीज गेली आणि फ्रीजर रिकामा करावा लागला, तेव्हा मदतीला आलेल्यांनी त्या रुग्णालयाची दोन खोकी भरताना लेबलांची अदलाबदल केली. मला ते पुढे आकडे बघताना कळलं. मी सरांना लेखी कळवलं होतं, ती खोकी वगळायला हवीत. त्यांतल्या नळ्यांना निळी झाकणं आहेत, त्या सगळ्या बाद कर, त्यांचे आकडे कशातच घेऊ नकोस. पांढऱ्या झाकणांच्या बरोबर आहेत.

हे तुझ्यासाठी सांगत नाही. कुणा आजाऱ्याला चुकीचं औषध जाऊ नये म्हणून सांगते.

मी इथल्या एका महाविद्यालयात तासांवर शिकवायला लागले आहे. मुलं बरी आहेत. पहिल्या दिवशी एकीने विचारलं, जैवमाहितीशास्त्र घेतलं तर नोकरी लागते का? मी फळा पुसत राहिले.

ताई

१८ एप्रिल

ताई,

मधल्या दोन पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. तरी लिहिते, कारण तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये.

रुग्णालयांच्या कामाचा शोधनिबंध स्वीकारला गेला, आपण दोघी ज्याच्यात आपलं काही छापून यावं म्हणून नवस बोललो असतो अशा जर्नलमध्ये. पहिलं नाव माझं आहे. शेवटचं सरांचं. तुझं नाव लेखकांत नाही, शेवटी आभार मानलेत त्यात आहे, 'तांत्रिक साहाय्याबद्दल' म्हणून.

मी सरांना विचारलं होतं. म्हटलं, नमुने तिचे, बेसिनचा शोध तिचा, निम्मा कोड तिचा. ते शांतपणे म्हणाले, "सोडून गेलेल्यांची नावं आपण आभारात घेतो. तुमचा परिवीक्षेचा काळ संपायचा आहे अजून, आत्ता या भानगडीत पडू नका." मी तिथून उठून आले. परत विचारलं नाही. तुला हे खोटं सांगू शकले असते, की मी भांडले. भांडले नाही.

पुढच्या निबंधात तुझं नाव घालीनच, माझा शब्द आहे.

बारकी

६ मे

बारके,

निबंध वाचला. तिसऱ्या आकृतीतलं जंतूंच्या वंशावळीचं झाड मी काढलेलं आहे, रंगसुद्धा तेच ठेवलेत. माझं नाव ज्या ओळीत आहे त्याच ओळीत फ्रीजर दुरुस्त करणाऱ्या कंपनीचे आभार आहेत.

मी सोडून गेले नाही. मला ठेवलं नाही. निदान एवढी भाषा तरी सरळ लिही.

मी जर्नलच्या संपादकांना पत्र पाठवलंय. माझ्याजवळचे नमुन्यांचे तपशील, जुना कोड, सरांना पाठवलेले अहवाल, सगळं जोडलं आहे. निबंधाची पहिली लेखिका तू आहेस, त्यामुळे ते तुलाही विचारतील की हे काम कुणाचं. तुझ्या पाठीमागून केलं असं होऊ नये म्हणून आधी कळवते. तुझी परिवीक्षा मला माहीत आहे. मी त्याचाही विचार केला, आणि तरी पाठवलं.

तुला खरं तेवढंच लिहायचंय. मी तुझ्याकडे पहिल्यांदाच काही मागते आहे.

ताई

११ जून

ताई,

संपादकांचं पत्र आलं, त्याच दिवशी सरांनी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. बसा म्हणाले, पाणी दिलं. उत्तराचा मसुदा त्यांनी टाईप करून ठेवला होता, मी फक्त वाचून सही करायची होती. 'सदर व्यक्तीचं योगदान नमुने गोळा करणं व साठवणं एवढ्या तांत्रिक स्वरूपाचं होतं. विश्लेषण व निष्कर्ष पूर्णतः माझे आहेत.' मी म्हटलं, पूर्णतः हा शब्द काढू या. त्यांनी तो काढला.

मी सही केली.

बाबांना आता चालताना धाप लागते, तपासण्या चालू आहेत, ते तुला माहीत नसेल. मी सबब सांगत नाही. म्हणजे सांगतेच आहे. ही जागा गेली तर मला पुन्हा घरी बसून अर्ज भरायचे आहेत, आणि त्या वेळी बायोडेटात हेही लागलेलं असेल की हिने सरांविरुद्ध साक्ष दिली. मग मला कोण घेईल? तूच सांग, तुला कुणी घेतलं?

शेवटचं वाक्य लिहायला नको होतं. पण खोडलं तर तू म्हणशील, ही आता खोडाखोडही शिकली.

बारकी

२५ जून

बारके,

संपादकांचंही उत्तर आलं. पहिल्या लेखिकेने आणि संस्थेने दिलेलं स्पष्टीकरण त्यांना समाधानकारक वाटलं. प्रकरण त्यांनी बंद केलंय.

मला वाटलं होतं मी चिडेन. तसं झालं नाही. तुझं पत्र वाचून वह्या तपासायला बसले आणि सगळ्यांना जरा जास्तच गुण दिले.

सुट्टी लागली म्हणून घरी आले आहे. काकांना बघून आले. धाप आहे, पण हिंडतफिरत आहेत. तुझ्या आईने मला चहा दिला आणि तुझ्या निबंधाची बातमी कापून ठेवलेली दाखवली. मी पूर्ण वाचली आणि छान आहे म्हटलं.

मग घरी येऊन आईला सगळं सांगितलं. कायम नव्हते ते, मुलाखतीचं, तुझं, निबंधाचं, संपादकांचं, सगळं. ती भाजी निवडत होती. माझं सांगून संपल्यावरही देठ मोडत राहिली. मला वाटलं रडेल, किंवा उठून तुमच्याकडे जाईल आणि दोघी बहिणींचं कायमचं बिनसेल. त्याचीही मी तयारी ठेवली होती.

ती म्हणाली, "चला, बारकीला तरी लागली."

मी उठून तिच्या हातातली भाजी घेतली आणि धुवायला गेले.

तू घरी येशील तेव्हा समोर आलीस तर मी बोलेन, आपल्या आया बघत असतील म्हणून. पत्र मात्र लिहू नकोस.

ताई